अंगठ्याने सरळ केलेला पोचा

सैन्यातून निवृत्त झालो आणि आमच्या सातारा जिल्ह्यातल्याच एका छोट्या धावपट्टीवर नोकरीला लागलो. तिथे मुलामुलींना विमान चालवायला शिकवतात. एक विमान उतरलं की पुढचा विद्यार्थी उडायच्या आत त्यात टँकरने इंधन भरायचं, हे माझं काम. नियम एकच, पण कडक: विमानाजवळ टँकर रिव्हर्स घेताना मागे माणूस उभा हवा. मला त्या नियमाचा भारी राग यायचा. कोयनानगरच्या घाटात समोरून एसटी आली की नुसत्या आरशावर ट्रक वळणापर्यंत मागे नेलेला माणूस मी, मला कोण रिव्हर्स शिकवणार?

त्या सकाळी मागे उभा राहणारा गडी चहाला गेला होता. मी थांबलो नाही. टँकर मागे घेतला आणि बारीकसा टक् आवाज आला, तांब्याला वाटी लागावी तेवढाच. उतरून बघतो तर टँकरच्या शिडीने पंखाची मागची कड बोटभर चेपली होती. तिथे एक हलणारी फळी असते, तिच्यामुळे विमान हवेत कलतं नि वळतं.

आसपास कुणी नव्हतं. आमच्याकडे उसाच्या फडात ट्रॅक्टरचं मडगार्ड घासलं तर कुणी मेकॅनिकला बोलवत नाही. हाताने सरळ करायचं आणि पुढच्या खेपेला निघायचं. मीही तेच केलं. पत्रा पातळ होता. अंगठ्याने दाबत दाबत पोचा असा काढला की नंतर मलाच जागा सापडेना. खोटं कशाला बोलू, स्वतःचं कौतुकही वाटलं.

मग ती आली. आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातली पोर, मला काका म्हणायची. त्या दिवशी ती पहिल्यांदाच एकटी उडणार होती. उडण्याआधी विमानाभोवती फिरून सगळं हाताने तपासावं लागतं. मी टँकरपाशी उभा राहून बघत होतो. तिचा हात पंखाच्या कडेवरून सरकत त्या जागेवर आला आणि न थांबता पुढे गेला.

बोललो तर नोकरी जाणार, इतक्या वर्षांचं नाव जाणार. तिने आत बसून पट्टा बांधला, दार लावलं. मला राहवेना. दोन्ही हात वर करून मी विमानासमोर धावलो.

"पोरी, उतर खाली! माजी गाडी लागलीया पंखाला!"

इंजिनिअरने फळी खोलली. आतली बिजागरी तडकली होती. हवेत ती कधी निसटली असती, सांगता येत नव्हतं. तो माझ्यावर ओरडला नाही.

"पोचा तसाच ठेवला असतात, तर तिनेच पकडला असता," एवढंच म्हणाला आणि माझ्याकडून टँकरची किल्ली घेतली.

ती बाकावर बसली होती. आता चार शिव्या घालेल, घालू दे, असं म्हणत मी समोर गेलो. तिचे डोळे भरले होते.

"आवं काका, माजा हात फिरला हुता की तिथनं. मला कसं कळलं न्हाई? मला न्हाई जमायचं ह्ये."

"तुजी चूक न्हाई गं, मीच दाबून सरळ केलं हुतं," मी तीनदा सांगितलं.

तिच्यासाठी दुसरं विमान तयार होतं. ती बाकावरून उठली नाही.