वस्तादांचं पाऊलवाचन

नव्या माणसाला वस्ताद पहिला प्रश्न विचारीत तो असा: "बाप कायनं मेला?" मला त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा माझे वडील माझ्या शेजारीच उभे होते. वस्तादांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "मंग आजा कायनं मेला ते सांग," म्हणाले. इतका खडूस माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही क्वचितच पाहिला.

नांदुऱ्याला सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यामागे त्यांचा आखाडा होता. मी त्याच जिनिंगमध्ये कारकून होतो. वय तेवीस, मॅट्रिक पास, नुकतंच लग्न झालेलं आणि कापसाच्या तुसानं सतत खोकणारा. छाती जरा भरावी एवढीच माझी इच्छा होती. पण वस्तादांकडे 'एवढंच' चालत नसे. आखाड्याच्या दारात दीड हात उंच दगडी पायरी होती. तिच्यावर माणूस कोणता पाय आधी टाकतो, हे ते चोरून बघत. चढताना माणूस भरवशाचा पाय आधी टाकतो, असं त्यांचं शास्त्र होतं. या शास्त्राला आधार काय, असं विचारायची कोणाची छाती नव्हती, कारण छाती भरायलाच तर सगळे तिथे येत.

मग खरी परीक्षा. माती भिजवून, ओढून सारखी केलेली असे. नव्या माणसानं अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, पन्नास बैठका मारायच्या, आणि पहिल्या पावलांच्या शेजारून पुन्हा चालायचं. त्यानंतर वस्ताद उकिडवे बसून दोन्ही ओळी वाचीत. पाऊल कुठे आखूड झालं, कुठे फाकलं, टाच कुठे हलकी पडली. जोशी जसा पत्रिका मांडून बसतो तसा यांचा थाट. माझ्या पावलांकडे पाहून म्हणाले, "हा दिवसभर डाव्या कुल्ल्यावर बसते. दम सोळाव्या बैठकीत गेला, बाकीच्या लाजंपायी मारल्या." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

शिक्षा म्हणून म्हणा की उपचार म्हणून म्हणा, त्यांनी मला तीन महिने फक्त माती ओढायला लावलं. मॅट्रिक झालेला माणूस रोज पहाटे दाताळं ओढतोय आणि गावचे गाडीवान वाकून बघताहेत! बायकोला मी सांगितलं होतं की मी कुस्ती शिकतो. खोकला मात्र दुसऱ्या महिन्यात थांबला. याचं श्रेय मी वस्तादांना मुळीच दिलं नाही, हवापालटाला दिलं. हवा अर्थात तीच होती.

लोकांचा अपमान करण्यात त्यांचा हातखंडा होता. एका मोठ्या अडत्याचा भाचा बदाम-तूप खाऊन खाऊन कपाटाएवढा झालेला. मामा मोठ्या अभिमानानं त्याला घेऊन आले. वस्तादांनी पावलं वाचली आणि म्हणाले, "हे अंग नाई, हे सामान हाये. दोन पाय बिचारे वाहून राह्यले." मामा पुन्हा त्या गल्लीतून गेले नाहीत. शाळेत नागपूरहून नवे ड्रिलमास्तर आले होते. ते फितीनं छाती मोजत आणि वहीत लिहीत. वस्ताद त्यांना शिंपी म्हणत, तेही तोंडावर.

चुकतही असत, हे सांगायला मला आनंदच वाटतो. अमडापूरचा गणपत हा त्यांचा सर्वांत तयार पठ्ठा. जत्रेच्या कुस्तीला आठ दिवस उरले असताना त्यांनी त्याचं पाऊल वाचलं आणि त्याला मातीतून काढलं. "टाच टेकली नाई तं माणूस टिकत नाई," एवढंच बोलले. गणपत लहान मुलासारखा रडला, दुसऱ्या आखाड्यात गेला आणि त्या जत्रेत चक्क जिंकला. ही बातमी मीच धावत जाऊन वस्तादांना दिली. ते म्हणाले, "जिंकला तं जिंकला. टाच टेकत नाई ते नाईच." मुंगी चिरडावी तसं त्यांनी माझं समाधान चिरडलं.

माती ओढता ओढता मीही पावलं वाचायला शिकलो. ते शिकवीत म्हणजे चुकल्यावर हिणवीत. दोन वर्षांत मला त्यातलं बरंच कळू लागलं. आणि एका पहाटे, आखाड्यात इतर कोणी आलेलं नसताना, मला मातीत एक ओळ दिसली. वस्ताद आखाड्याशेजारच्याच खोलीत राहत आणि अंधारात माती ओलांडून मारुतीला पाणी घालायला जात. ओळ त्यांचीच होती. डाव्या पावलाला टाच नव्हती. अंगठ्यानं मात्र मातीत रेघ ओढली होती.

खरं तर मला आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. याच दिवसाची मी वाट पाहत होतो. त्यांच्याच नियमानं त्यांना मातीतून निघावं लागलं असतं, आणि मातीशिवाय त्या माणसाला गावात दुसरं काहीच नव्हतं. मी दाताळं उचललं आणि ती ओळ पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी पुसली, तिसऱ्या दिवशी पुसली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगतो: मला तो खडूस म्हातारा हवा होता.

पंधराएक दिवसांनी रेल्वेतला एक नवा माणूस परीक्षेला आला. सगळे गोळा झाले. मी माती सारखी केली. तेवढ्यात वस्तादांनी स्वतःच्याच वहाणा काढल्या आणि ते सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मग मला म्हणाले, "वाच."

मी म्हणालो, "बरोबर आहे वस्ताद."

"पंधरा दिस पाहून राह्यलो तुले," ते म्हणाले. "म्या तुले वाचाले शिकवलं, पुसाले नाई. वाच."

मी वाचलं. डावी टाच टेकत नाही, अंगठा ओढला जातो, पाऊल वीतभर आखूड.

"आन् पयला सवाल कोन इचारन?"

मी हातातलं दाताळं खाली ठेवलं. मग विचारलं, "वस्ताद, तुमचे वडील कशानं गेले?"

"अर्धांगानं," ते म्हणाले. "डावीच बाजू होती." मग त्या रेल्वेवाल्याकडे वळून म्हणाले, "असं अस्ते. आता तू चाल." त्याची परीक्षा त्यांनी पूर्ण घेतली, त्याचा यथास्थित अपमान केला, आणि दाताळ्याशेजारी आखाड्याची किल्ली ठेवून खोलीत गेले.

आठ दिवसांनी ते जानेफळला मुलीकडे जायला निघाले. मी त्यांची वळकटी घेऊन खामगावच्या मोटारीपर्यंत गेलो. वाटेत त्यांनी माझ्या चालण्याला दोनदा नावं ठेवली. मोटारीची पायरी उंच होती. त्यांनी डावा पाय उचलायला घेतला, तो उचलेना. मी म्हणालो, "वस्ताद, भरवशाचा आधी." त्यांनी माझ्याकडे जळजळीत पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उजवा पाय टाकला.