विमलताईंनी पंखा बंद केला

विमलताई बोरसे यांच्याशी माझी पहिली ओळख झाली, तेव्हा मी त्यांना पाहिलं नव्हतं. पाहणं शक्यच नव्हतं. जळगावच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात मी पडले होते आणि मिटलेल्या पापण्या काही केल्या उघडत नव्हत्या. ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात त्यांच्या सेवेविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मला आधी ऐकलेलं सांगू द्या.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. आमचं गाव धरणगावजवळचं, घर कापसाच्या शेतकऱ्याचं. उन्हाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली असताना मला मण्यार चावली. सकाळी डोळ्यांवर झापड, मग जीभ जड, आणि जळगावला पोचेपर्यंत श्वास अडकायला लागला. डॉक्टरांनी लस टोचली, तोंडातून घशात नळी घातली. श्वासाचं यंत्र विभागात एकच, त्यावर दुसरा पेशंट. म्हणून नळीला रबरी पिशवी जोडली आणि सिस्टर मंडळी ती आळीपाळीने हाताने दाबू लागली. पिशवी दाबली की माझी छाती भरायची.

दुपारपर्यंत माझ्या शरीरातलं सगळं हलणं थांबलं. मण्यारीच्या विषाचं हेच भयंकर, माणूस आतून जागा असतो. मला सगळं ऐकू येत होतं. आईचा हंबरडा, पंख्याची घरघर, आणि आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, चपलांचा आवाज. घरात आबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

माझ्या भावाने नंतर सांगितलं, आबांनी टेबलावरच्या कापसाचा चिमूटभर पुंजका काढला आणि माझ्या नाकाशी धरला. माणसात धुगधुगी आहे की नाही हे आमच्याकडे असंच बघत. कापूस हलला नाही.

"पोर गई, डॉक्टर," आबा म्हणाले. "आते तिले घर लई जाऊत."

"आबा, नाडी लागतेय. विष उतरायला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले.

"भाता मारा तं राखबी उडस." पिशवीने छाती हलते, ती काही जिवंतपणाची खूण नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. आबांनी भावाला गाडी आणायला सांगितलं, पण त्याचा पाय निघेना. त्यांच्यात क्रौर्य नव्हतं हो. लग्नाआधीच गेलेल्या नातीचा देह परक्या छताखाली राहू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण पिशवी सुटली की मी संपणार, हे त्या खोलीत मला सर्वांत जास्त कळत होतं. मी आतल्या आत ओरडत होते. आयुष्यात पुढे अनेक संकटं पाहिली, पण तसली भीती पुन्हा वाट्याला आली नाही.

तेवढ्यात कपाळावर हात आला आणि कानाशी आवाज. "पोरी, मी विमल. तू ऐकी ऱ्हायनी, मले माहीत शे. घाबरू नको, मी आठेच शे." आठेच, म्हणजे इथेच; तो एकच शब्द मी धरून ठेवला.

ताई तिथल्या सिस्टर, माहेर धुळ्याकडचं. आबांशीही त्या आमच्याच बोलीत बोलल्या. "आबा, कापूस नाकजोडे नको. श्वास नळीमाईन जाई ऱ्हायना, नाकमा कसा सापडी? तो आठे ठेवा, पायना अंगठावर."

मग त्यांनी पंखा बंद केला. जळगावचा उन्हाळा, खोलीत एवढी माणसं, कुणीतरी कुरकुरलंही. ताई म्हणाल्या, "वारा नको. कापूस हालना तं पोरना अंगठामुळेच हालाले पाहिजे."

पंखा थांबला, आई गप्प झाली. फक्त पिशवीचा फसफस आवाज उरला.

"पोरी, अंगठा हालाव."

मी अंगठा शोधू लागले. पाय कुठे आहे हेच कळेना. पहिल्यांदा काहीच झालं नाही. आबांनी मोठा सुस्कारा टाकला. "घाई नको," ताई म्हणाल्या, त्यांना की मला कोण जाणे. मी उरलासुरला सगळा जीव तिथे ढकलला. भाऊ नंतर सांगायचा, अंगठा केसभर हलला असेल. पण कापूस गादीवर पडला.

"आखो एकदाव," आबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"नही आबा. पोर थकी जाई. आते तुमी पिशवी दाबा."

आणि आबांनी पिशवी हातात घेतली. ताई शेजारी उभ्या राहून लय सांगत होत्या, चुकलं की खडसावतही होत्या. आमच्या आबांना खडसावणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. यंत्र मोकळं होईपर्यंत घरच्यांनी आणि सिस्टरांनी मला असं हातावर जगवलं. पापण्या उघडल्यावर मी ताईंना पाहिलं, तर ठेंगण्या, सावळ्या, कपाळाला आठी. आवाजावरून मी कुणीतरी उंचपुरी गोरी बाई कल्पिली होती!

पुढे मी परिचारिका झाले. नव्वदच्या सुमारास ताई धुळ्याच्या एका रुग्णालयात असताना त्यांच्या हाताखाली रुजू झाले. तिथे कळलं, की माझ्याशी त्या बोलल्या तो काही खास मेहेरबानीचा भाग नव्हता. बेशुद्ध माणसाला हात लावण्याआधी त्या सांगत, "दादा, आता कूस बदलते हं." आम्ही पोरी पाठीमागे हसायचो, की ताई खाटेशीही गप्पा मारतील. मी मात्र थोडं कमी हसायचे.

नरडाण्याकडचे एक गृहस्थ यंत्रावर होते. ताईंनी त्यांच्याशी बोलायला सांगितलं, तरी बायको पायथ्याशी मुकी उभी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग बोलायचं काय? ताईंनी खडसावलं, "नाव कोण मागतंय? बैलांचं सांगा, पाणी भरलं का ते सांगा!" ती माउली पदराआडून शेताचा सगळा हालहवाल सांगत राहिली. ते गृहस्थ वाचले नाहीत. पण तिला हे बोलून घेता आलं, याबद्दल ती जाताना ताईंच्या पाया पडली.

ताईंचा राग प्रसिद्ध आहे, तो इथे लपवणार नाही. हात न धुता खाटेशी गेलेल्याची त्यांनी गय केली नाही, मग तो शिपाई असो की मोठे साहेब. मी त्यांची शिष्या, म्हणून माझ्या वाट्याला तो जास्त आला. तो मिळाला म्हणून मी चांगली सिस्टर झाले, असं मला मनापासून वाटतं.

आबा असेतो पहिल्या वेचणीचा कापूस दर वर्षी वातींसाठी ताईंकडे जायचा. आबा गेले, भावाने रिवाज चालू ठेवला. यंदाचा कापूस मी मागून घेतला आणि स्वतः साठ वाती वळल्या. समारंभाच्या दिवशी त्या वातींच्या दिव्यांनी ताईंना ओवाळायचं आहे.

तेव्हा जमणाऱ्या मंडळींना आधीच विनंती करते. दिवे लागले की सभागृहातले पंखे बंद होतील. उकडेल, घाम येईल, कुणी कुरकुर करू नये. माझ्यासाठी ताईंनी एकदा पंखा बंद केला होता. त्यांच्यासाठी आपण घडीभर सोसू. ताई, तुमचा श्वास लांब आणि निरोगी चालो, आणि कधी भीती वाटलीच तर एवढं ध्यानात ठेवा: मी आठेच शे.