मशीनसमोरचा कूलर

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागायला अजून चार दिवस होते, पण ऊन काही पंचांग पाहून येत नाही. सकाळचे पावणेसात, आणि वर्धा रोडवरची हवा आत्ताच तव्यावरून उतरल्यासारखी. मनीषनगरच्या वळणाजवळ इलेक्ट्रिक गाड्यांच्या फास्ट चार्जिंगची दोन ठिकाणं समोरासमोर आहेत. एकाचं मशीन निळं, दुसऱ्याचं हिरवं. कंपन्यांची नावं लांबलचक आहेत, ती कोणी घेत नाही. "निळीवर लावली का हिरवीवर?" एवढंच टॅक्सीवाले एकमेकांना विचारतात.

निळीवर कुसुमावतीबाई असतात. इतवारीकडच्या कोष्ट्यांच्या गल्लीतून सकाळच्या मेट्रोनं यायचं, पदर खोचायचा, अंगण झाडावं तशी जागा झाडायची. गाडीत खुपसायच्या दोन्ही गनांच्या जाड केबली ओल्या फडक्यानं पुसून खुंटीवर गुंडाळायच्या. मग मशीनच्या जाळीवर बसलेली धूळ कुंच्यानं झटकायची. कुंचा मनोहररावांचा, म्हणजे नवऱ्याचा. माग होता तेव्हा पहाटे गल्लीभर सूत ताणून त्याला खळ पाजायचे, त्या पाजणीचा. माग भंगारात गेला, मनोहरराव गेले त्यालाही नऊ वर्षं झाली. कुंचा राहिला, कारण कुंच्याला कोणी गिऱ्हाईक नव्हतं.

जाळी झटकून झाली की बाई खुर्चीशेजारी पाटी ठेवायच्या. शाळेची असते तशीच पाटी, तिच्यावर खडूनं गाड्यांचे शेवटचे चार आकडे. ही पद्धत कंपनीची नव्हती. मोबाइलवरच्या ॲपमध्ये भाव कळतो, मशीन रिकामं आहे की नाही तेही कळतं, पण आधी कोण आलं ते कळत नाही. पाजणीच्या दिवशी गल्लीत कोणाचं सूत आधी ताणायचं हे जसं ठरायचं, तसं बाई इथं ठरवायच्या. "किती टक्के उरली? कोठी जाचं आहे? सवारी बसली आहे का वाट पाहून राहिली?" असं विचारून नंबर. ज्याची अडचण मोठी तो आधी. बाकीचे कुरकुरत, पण ऐकत, कारण परवा त्यांचाही नंबर असाच पुढं गेलेला असे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन्हीकडे युनिटला वीस रुपये भाव होता. होळी झाली आणि हिरवीनं अठरा केला. निळीनं सतरा केला. मग हिरवीनं सोळा, आणि मे लागताच एकदम चौदा. निळी सतरावरच अडून बसली.

भाव चौदा झाला त्याच दिवशी समोरचा मार्तंड दिसेनासा झाला. हिरवीवर तो असायचा, बाईंच्याच वयाचा. डबा उघडला की रस्त्यापलीकडून "झालं का जेवण?" असा हात करायचा. त्याची खुर्ची तशीच होती, आणि मशीनवर नवी पाटी चिकटवलेली: स्वतः चार्ज करा, अडचण आल्यास या नंबरवर फोन करा.

"चौदा रुपये कसे परवडून राहिले, आता समजलं का काकू?" भूपेश म्हणाला. भूपेश उमरेडकडचा, शेती भावाच्या हाती देऊन टॅक्सी चालवणारा, तीन ॲप उघडून भाव पाहिल्याशिवाय गाडी न वळवणारा. "माणूस काढला त्याईनं."

"तू तर तिथंच लावून राहिला ना गा."

"का करू? दिवसाले शंभराचा फरक पडते. माया जीव तुमच्यापाशी आहे काकू, पण गाडी हिरवीपाशी."

बाई हसल्या. राग यावा असं त्यात काही नव्हतं. बाजारात टमाटर घेताना त्याही चार गाड्या फिरत.

त्याच आठवड्यात त्यांच्या कंपनीच्या साहेबांचा पुण्याहून फोन आला. बोलणं गोड होतं. जूनपर्यंत आकडे बघणार, सतराच्या भावात गाड्या टिकल्या तर ठीक, नाहीतर आपल्यालाही भाव उतरवावा लागेल आणि मग ही जागाही समोरच्यासारखी ठेवावी लागेल.

"म्हणजे मशीन राहीन, मी नाही."

"तसंच काही नाही हो, मावशी."

"तसंच आहे साहेब. तुम्ही सांगा नं सरळ, मले राग नाही येत."

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ केबल पुसत बसल्या, पुसलेलीच. भाव उतरणं त्यांनी पाहिलं होतं. इतवारीतला व्यापारी मनोहररावांची साडी हातावर तोलून म्हणायचा, मशीनवाले एवढ्यात देऊन राहिले, तू सांग. मनोहरराव सांगायचे, आणि दर वेळी आधीपेक्षा कमी सांगायचे. पहिल्यांदा सुताच्या कांड्या भरणारी म्हातारी बंद झाली, ते काम बाईंकडे आलं. मग मागावरचा गडी गेला. मग पोराची शिकवणी. भाव उतरला की आधी हात कमी होतात, हे बाईंना कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी ते एकेक हात मोजून पाहिलं होतं. साडी कोणासाठी स्वस्त झाली, हे मात्र त्यांना कधी कळलं नाही. त्यांच्या अंगावर ती कधी आली नाही.

दुपारी उन्हाचा कडाका वाढला की दोन्ही मशीन सुस्तावत. पडद्यावर चार्जिंगच्या वेगाचा आकडा साठ असायचा, तो तीसवर येऊन बसे. पाऊण तासात भरणारी गाडी दीड तास घेई, आणि ड्रायव्हर लिंबाखाली घाम पुसत उभे. बाईंनी तो आकडा रोज पाहिला आणि त्यांना मागाचं घर आठवलं. मे महिन्यात कोरड्या हवेनं सूत तटातट तुटायचं. मग खिडकीला ओली पोती लटकवायची, मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपायचं. ओल मिळाली की सूत नरम येई आणि हात चालायला लागे. सूत काय आणि तार काय, उन्हात दोघांचा जीव सारखाच, असं त्यांनी ठरवलं.

शेजारच्या टेम्पोतून त्यांनी घरचा कूलर आणला. घरात दोघीच, त्या आणि त्यांची जाऊ कौशल्या, आणि कूलरही एकच.

"मशीनले कूलर अन् मले हातपंखा?" कौशल्याबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या.

"आठ-दहा दिवसाचा प्रश्न आहे वं. तू गच्चीवर झोप, चादर ओली करून देते."

"मशीनले म्हणा रातच्याले माये पाय दाबून दे."

कूलरला खसाची, वाळ्याच्या काड्यांची नवी ताटी बसवली, पाणी भरलं आणि त्याचं तोंड मशीनच्या जाळीकडे केलं. पहिल्याच दुपारी पडद्यावरचा आकडा पन्नासच्या खाली आला नाही. भूपेशनं तीन वेळा गॉगल काढून पाहिलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी विमानतळाच्या टॅक्सी रांगेत पोचली होती. दुसऱ्या दिवशी पाटीवर सात नंबर. हिरवीवर चौदा रुपयांत दीड तास, निळीवर सतरा रुपयांत पाऊण. ड्रायव्हर हिशेबाचे पक्के असतात. वाया गेलेला पाऊण तास म्हणजे एक सवारी, हे त्यांना ॲपनं सांगावं लागत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आकडा जरा खाली येत गेला. बाईंनी कूलरमध्ये पाणी वाढवलं.

कूलर लावल्याचा नववा दिवस. नवतपा भरात होता. दुपारचा एक. भूपेशची गाडी गनाला लागलेली, बॅटरी नऊ टक्के. दोनला त्याला मनीषनगरातून एका म्हाताऱ्या जोडप्याला वर्ध्याला दवाखान्यात न्यायचं होतं, वेळ घेतलेली. मागं पाच गाड्या. मशीननं लांब श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि पडदा लाल झाला. बाईंनी बटण दाबून पाहिलं, फोन केला. इंजिनिअर येईल, पण तीन तास लागतील, असं पलीकडून सांगितलं.

सगळ्या गाड्या हिरवीकडे वळल्या. तिथं आधीच चार उभ्या होत्या. भूपेशनं गन काढून नीट खुंटीला लावला आणि गेला. तो चिडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

रस्त्यापलीकडून आवाज यायला लागले. मी आधी, तू कोण, गाडी काढ. एकानं दुसऱ्याच्या गाडीपुढं आपली आडवी घातली होती. मार्तंडची रिकामी खुर्ची कोणीतरी लाथेनं बाजूला केली. बाईंनी थोडा वेळ पाहिलं. मग पाटी उचलली, खडू घेतला, पदर डोक्यावरून घेतला आणि रस्ता ओलांडला.

"थांबा. किती टक्के उरली सांगा एकेकानं. अन् जाचं कोठी."

"तुम्ही कोणाच्या बाई?" आडव्या गाडीवाला म्हणाला.

"निळीची. ते बंद पडली, म्हणून आली. तुह्यी किती आहे?"

"चाळीस."

"चाळीस असून भांडून राहिला का? सरक."

तो सरकला. त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं. बाईंनी पाटीवर भूपेशचा नंबर पहिला लिहिला, विमानतळावर जाणाऱ्याचा दुसरा. उन्हात तास-दीड तास उभ्या राहिल्या. भूपेशची गाडी तिथंही रखडतच भरली. वर्ध्यापुरती झाली तशी त्यानं गन काढला, अर्धा तास उशीर होईल म्हणून म्हाताऱ्यांना फोन केला, आणि जाताना खिडकीतून पाण्याची बाटली बाईंच्या हातात दिली.

चारच्या सुमारास रुचिका स्कूटरवरून आली. पंचविशीतली इंजिनिअर, तोंडाला दुपट्टा, पाठीवर अवजारांची थैली. तिनं मशीनचं मागचं दार उघडलं आणि हवेचा फिल्टर बाहेर ओढला. फिल्टर नव्हता तो, चिखलाची वडी होती. तीत खसाच्या काड्या रुतलेल्या.

"हे काय आहे?" तिनं कूलरकडे पाहिलं. "हा कोणी लावला?"

ड्रायव्हर लावून गेले, असं म्हणता आलं असतं. दोघींशिवाय तिथं कोणी नव्हतं.

"मी लावला," बाई म्हणाल्या. "आमच्या मागाले ओल लागे उन्हाळ्यात. मले वाटलं यालेही लागत असन."

रुचिकानं कपाळाला हात लावला. "अहो काकू, मशीन वारा ओढते, त्यात ओल घातली की धुळीचा चिखल होते. हे पाणी आतल्या कार्डावर गेलं असतं तर मशीनच उचलून न्यावी लागली असती. तुमचं नशीब, बापा." मग फिल्टर उलटा करून पाहत ती हळूच म्हणाली, "पहिले दोन दिवस मात्र बरी चालली असन."

"चालली. मग उतरत गेली."

"उतरणारच. हा महिन्यातून एकदा साफ करतो आम्ही. वर्धा रोडच्या धुळीत रोज पाहिजे, कोरडा. समोरची काहून सुस्त झाली, सांगू? तिची तर जाळीही कोणी झटकत नाही."

बाई उठून कुंचा घेऊन आल्या. "शिकव मले."

"कंपनीचा नियम नाही तसा. दार आमीच उघडतो."

"नियम तू साहेबाले विचार. तोवर हात शिकव."

रुचिकानं नवा फिल्टर घातला आणि जुन्यावर दाखवलं: असा उभा धरायचा, वाऱ्याच्या उलट्या अंगानं झटकायचा, पाण्याचा थेंब नाही. बाईंचा हात एकदाच चुकला. पाजणीत कुंचा एकाच दिशेनं, न थांबता जातो. तीच चाल होती.

"कूलरचं लिहिशीन का?" बाईंनी विचारलं.

"लिहावं लागते काकू. मी खोटं नाही लिहीत."

"लिही. अन् मशीन कोणी पाहिली तर कशी चालते, तेही लिही."

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. या वेळी गोड कमी. कूलरबद्दल दहा मिनिटं ऐकवलं, बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की रुचिका मॅडमनी रोजच्या सफाईचं लिहिलं आहे, आणि पाटीवरच्या रांगेचंही. एक तारखेपासून भाव पंधरा. पावसाळा संपेपर्यंत माणूस राहील. बाईंनी रोज सकाळी इथला फिल्टर बदलून जुना झटकायचा आणि आठवड्यातून दोनदा खापरीकडच्या मशीनचाही. पगार तोच. पावसाळ्यानंतर पुन्हा बघू.

"हौ साहेब."

पुन्हा बघू म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. व्यापारीही तसंच म्हणायचा. पण मनोहररावांना त्यानं कधी असं कारण दिलं नव्हतं, की तुझ्या हाताला इथं काम आहे. पावसाळा संपायला वेळ होता. तोवर हात होते.

पंधराचा भाव लागला त्या सकाळी भूपेश पहिला आला. कूलर घरी गेला होता, आणि कौशल्याबाईंचं म्हणणं होतं की त्याला अजून मशीनचा वास येतो.

"हिरवी चौदा, निळी पंधरा," भूपेश म्हणाला. "एक रुपया जास्त. तो तुमचा समजतो मी."

"माया कशाचा? कुंच्याचा म्हण." त्यांनी पाटीवर त्याचा नंबर लिहिला. "किती उरली?"

"बावीस. घाई नाही. म्हाताऱ्यांचं दवाखान्याचं झालं तेव्हा, उशिरा का होईना. तुम्हाले नमस्कार सांगितला."

"लाव मग."

भूपेशनं गन लावला, पडद्यावर वेगाचा आकडा चढत गेला आणि छप्पन्नवर थांबला. बाईंनी तिकडे एकदा पाहिलं. मग कालचा फिल्टर भिंतीच्या सावलीत उभा धरला आणि कुंचा वरून खाली, एका दिशेनं फिरवायला लागल्या.