सलीमच्या बदल्यात दोन खेळाडू आणि एक मॅटिंग

आखातातल्या रुस्ताकला लोक किल्ला बघायला जातात, गरम पाण्याच्या झऱ्यात पाय बुडवायला जातात, काहीजण नुसता हलवा आणायला जातात. आम्ही मॅच खेळायला गेलो. २००४ च्या जानेवारीतली गोष्ट. शुक्रवारी सकाळी आठला रुस्ताकच्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीच्या टीमशी मॅच होती आणि त्या टीममध्ये सलीम होता. दीड वर्ष तो माझ्याशी बोलला नव्हता. पोट बिघडलंय असं सांगून घरी राहावं, हा विचार गुरुवारी दोनदा मनात येऊन गेला. बायको, लीना, म्हणाली, "जा. तोंड चुकवून किती दिवस राहणार? माबेलाहून शंभर-सव्वाशे किलोमीटर तर आहे. तिथेही माणसंच राहतात."

सलीम दाभोळचा. आमच्या कंपनीत एसी मेकॅनिक आणि आमच्या टीमचा फास्ट बॉलर. माझ्या लग्नाआधी सहा वर्षं आम्ही रुवीत एका खोलीत राहिलो. मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर ड्युटीवरून येऊन पेज शिजवून घालणारा तोच. टेप गुंडाळलेला टेनिस बॉल तो असा टाकायचा की समोरचे बॅट्समन हळूहळू स्टंप सोडून बाजूला उभे राहू लागत. आमच्या लीगमध्ये कडक नियम एकच होता: ज्या कंपनीच्या व्हिसावर तुम्ही, त्याच कंपनीकडून खेळायचं. म्हणजे खेळाडू बदलायचा तर माणसाची नोकरीच बदलायला हवी. असं कोणी करत नाही. आम्ही केलं. टीमचा सेक्रेटरी मी होतो, तेव्हा मी केलं असं म्हटलं तरी चालेल.

आमचा अर्बाब, म्हणजे कंपनीचा मालक, आणि रुस्ताकचा अर्बाब एकमेकांचे साडू. दोघे चहाला बसले असताना मी विषय काढला आणि कागद हलले. सलीम तिकडे, बदल्यात विकेटकीपर विल्सन आणि एक ऑलराउंडर इकडे, वर पिचवर अंथरायचं काथ्याचं एक नवं मॅटिंग, कारण आमचं उंदरांनी खाल्लं होतं. सलीमला कोणी विचारलं नाही. सह्या झाल्यावर कळवलं. शिवाय आणखी एक गोष्ट होती. त्याच्या दोन आठवडे आधी कुरुमच्या एका दवाखान्यात मीच त्याला खांदा दाखवायला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, फास्ट बॉलिंग आता विसरा. सलीम म्हणाला, कोणाला सांगू नकोस. मी कोणाला सांगितलं नाही. रुस्ताकवाल्यांनाही नाही.

तर, शुक्रवारी पहाटे साडेपाचला माबेलाहून निघालो. शुक्रवारी पहाटेचा हायवे रिकामा असतो, हे तिथे राहणाऱ्याला आठवड्यातून एकदाच मिळणारं सुख आहे. गाडीत माझ्या शेजारी जोशी, मूळचा पुण्याचा, अकाउंट्समधला, आमचा स्कोअरर. स्वतः खेळत नाही, पण गेल्या पाच वर्षांतली प्रत्येक मॅच त्याच्या वहीत आहे. मागच्या सीटवर किटबॅग मांडीवर घेऊन विल्सन. बाकीची टीम कंपनीच्या पिकअपमधून पुढे गेली होती.

बरकाच्या राउंडअबाउटला डावीकडे वळलं की नखलचा रस्ता लागतो. वळणाआधी एका मलबारी हॉटेलपाशी थांबलो. शंभर बैसाला चहा, दोनशेला अंडा-पराठा रोल. पुढे डोंगरापर्यंत असा चहा मिळेलच याची खात्री नाही, तेव्हा इथेच दोन प्या. पहिल्या घोटालाच जोशीने विषय काढला. हा विषय आमच्याकडे दीड वर्ष दर शुक्रवारी निघत होता.

"सलीम देऊन आपल्याला फायदा झाला की तोटा, हे एकदा नीट बघायला हवं. ऑलराउंडर तीन महिन्यांत कॅनडाला गेला. त्याला धरायचं नाही."

"मॅटिंग धर," मी म्हणालो.

"मॅटिंग धरलंय. मॅटिंग चांगलं निघालं. उरला विल्सन. विल्सनने गेल्या सीझनला चार कॅच सोडले."

"जोशी, मी इथे बसलोय," विल्सन म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून पाचवा धरला नाही."

गाडी परत सुरू केली. नखलचा किल्ला लांबूनच दिसतो, मागे काळा डोंगर आणि खाली खजुराची हिरवी गर्दी. शुक्रवारी तो लवकर बंद होतो, जाणार असाल तर आधी विचारून घ्या. आम्ही थांबलो नाही. जोशी सरासऱ्या सांगत होता. विल्सन बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता, मग म्हणाला, "मला पण कोणी विचारलं नव्हतं. मी रुस्ताकला नऊ वर्षं होतो. घरासमोर लिंबाचं झाड लावलेलं." जोशीने सरासऱ्या थांबवल्या, त्याही पाचेक मिनिटंच.

नखलच्या पुढे रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो आणि मधे मधे वाडी ओलांडतो. वाडी म्हणजे नदीचं कोरडं पात्र. आकाशात ढग असतील तर या रस्त्याला जाऊ नका. पाणी आलं की ते विचारून येत नाही. आम्हाला लख्ख ऊन मिळालं आणि साडेसातला आम्ही ग्राउंडवर होतो. ग्राउंड म्हणजे मधे सिमेंटचं पिच आणि भोवती खडी. ज्यांना डाइव्ह मारायची हौस आहे त्यांनी फुल पँट घालून यावं.

सलीम मिडऑनला उभा होता. पोट थोडं सुटलं होतं. पाच ओव्हर झाल्या, दहा झाल्या, त्याच्या हातात बॉल आला नाही. एकदा बॉल त्याच्याकडे गेला, तर त्याने तो खालून, पोरं गोट्या टाकतात तसा, विकेटकीपरकडे टाकला. जोशी वही घेऊन माझ्याकडे सरकला. त्याचा चेहरा उजळला होता.

"बघितलंस? संपलाय. हातच वर जात नाही. सायमन, आपण टायमावर काढला रे त्याला. फायदा. सरळ फायदा."

मी पॅड बांधायला घेतले. माझी बॅटिंग नवव्या नंबरला येते, त्याला अजून तासभर होता.

मधल्या ड्रिंक्सला त्यांचा कॅप्टन बशीर संत्री घेऊन आला. हा त्यांच्या कंपनीतला फोरमन, कालिकतचा. जोशीने विचारलंच, "बशीरभाई, सलीम बॉलिंग नहीं करता अभी?"

"कैसे करेगा? कंधा खलास है उसका."

"आपको कब पता चला?"

"पहले दिन. आते ही बोला, मेरा कंधा गया है, बॉलिंग नहीं होगी, वापस भेजना है तो भेजो."

"फिर भी रख लिया?"

बशीरने संत्र्याची फोड तोंडात टाकली. "जुलाई महिना चल रहा था. कंपनी में दो सौ एसी हैं. हमको मेकॅनिक चाहिए था."

जोशीने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मी संत्रं सोलत राहिलो. मला इतकी लाज वाटली की संत्रं पूर्ण सोलून मी ते हातातच धरून बसलो होतो, हे विल्सनने सांगितल्यावर लक्षात आलं.

मॅच आम्ही जिंकलो. विल्सनने त्रेचाळीस रन केले. मी दोन करून बोल्ड झालो, बॉल काही विशेष नव्हता. हात मिळवताना सलीमने सगळ्यांना मिळवला तसा मलाही मिळवला आणि म्हणाला, "नमाजानंतर घरी चल जेवायला. बाकीच्यांना हॉटेलात बिर्याणी सांगितली हाय. शबानानं तुला बोलावलंन."

म्हणजे त्याने नाही, त्याच्या बायकोने. मी समजलो.

जुम्म्याची नमाज होईपर्यंत मी कसफाच्या गरम झऱ्यावर जाऊन बसलो. पाणी खरंच गरम असतं, पाय एकदम घालू नका. फुकट आहे. शुक्रवारी दुपारी गर्दी नसते. लोक सांगतात की या पाण्याने सांधे मोकळे होतात. सलीमच्या खांद्याला त्याचा काही गुण आलेला दिसत नव्हता.

घर दोन खोल्यांचं, एसी मात्र तीन. शबानाने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं सालन केलं होतं. "बसा भाऊ, लाजू नका," म्हणाली आणि पाणी आणायला गेली. त्यांची सात वर्षांची मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"तुम्हीच काय, पप्पांना चटईवर दिलंत ते?"

"सना, आत जा," सलीम म्हणाला.

"चटई मोठी होती काय?" तिने विचारलं आणि आत गेली.

आम्ही जेवलो. सालन उत्तम होतं. शेवटी मीच म्हणालो, "सलीम, तुझा खांदा मला माहीत असताना मी तुला इकडे लावून दिलं. तुला विचारलं नाही. चुकलं माझं."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "फायदा झाला ना. तुमच्या कंपनीत मेकॅनिकला फॅमिली व्हिसा नव्हता. इथल्या अर्बाबनं वर्षाच्या आत काढून दिलंन. सात वर्षं मी पोरीला फोटोत बघत होतो... सहा. सहा वर्षं. आता ती माझ्या डोक्यावर बसून शाळेत जाते. फायदा माझाच झाला. पण तो तू केला नायस."

"नाही."

"तू टाकाऊ माल समजून पाठवलंस. मी इथे उतरलो तेव्हा दोन दिवस जेवलो नाय. बॉलिंग गेली म्हणून नाय. सहा वर्षं ज्याच्या बाजूला झोपलो त्यानं मला खपवलंन म्हणून." तो थांबला. "टीममधल्या पोरांना माहीत हाय काय, तुला आधीपासून माहीत होतं ते?"

"नाही सांगितलं."

"अजून?"

मी मान हलवली. तो उठला आणि हात धुवायला गेला. निघताना शबानाने डब्यात चार भाकऱ्या बांधून दिल्या. सलीम गाडीपर्यंत आला, हॉटेलातून येऊन जोशीबरोबर तिथे थांबलेल्या विल्सनशी लिंबाच्या झाडाबद्दल बोलला. झाड जगलं होतं, लिंबं लागत होती. माझ्या खिडकीशी तो आला नाही.

परतीला जोशी झोपला. ज्यांना खर्चाचा अंदाज हवा त्यांच्यासाठी: पेट्रोल, दोन वेळचा चहा, रोल आणि बाकीच्यांची बिर्याणी धरून माणशी दीड रियालही पडला नाही. रुस्ताक एका दिवसात आरामात होतं. मला मात्र त्यानंतर आठवडाभर झोप नीट लागली नाही.

पुढच्या शुक्रवारी माबेलाला माझ्या घरी टीमची मीटिंग होती. लीनाने भजी केली होती. जोशीने वही उघडून रिपोर्ट वाचायला घेतला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. कुरुमचा दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले, सलीमने माझ्यावर टाकलेला विश्वास, आणि दोन आठवड्यांनी मी काय केलं. एवढं बोलायला मला दम लागला. मी म्हणालो, मी राजीनामा देतो.

मग जोशीने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तू गेलेला खांदा देऊन फिट विकेटकीपर आणलास? वर मॅटिंग?"

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. फक्त विल्सन उठून गॅलरीत गेला. मी नको नको म्हणत असताना पुढच्या वर्षीचा सेक्रेटरी म्हणून माझं नाव एकमताने पास झालं. जोशीने वहीत सलीमच्या नावापुढे "फायदा" लिहून दोनदा अधोरेखित केलं, आणि दीड वर्षाचा वाद आमच्यापुरता मिटला.

सगळे गेल्यावर मी रुस्ताकला फोन लावला. सलीमनेच उचलला. मी म्हणालो, आज सांगितलं सगळ्यांना. जसं घडलं तसं.

"मग? काय बोलले?"

"टाळ्या वाजवल्या."

मला वाटलं फोनचं कार्ड संपलं. मग त्याचा आवाज आला. "जोशीपण?"

"जोशी उभा राहून."

तो हसायला लागला. रुवीच्या खोलीत हसायचा तसा, मधेच खोकत, थांबून परत. मी फोन धरून उभा राहिलो आणि मला रडू आलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पुढच्या जुम्म्याला भाभीला घेऊन ये. बॅट आणू नको."