कुलूपवाल्याच्या घरातला बेसूर माणूस

कुलूपवाल्याची बायको जाऊन वर्ष झालं, तरी तिनं गायलेलं, घरीच रेकॉर्ड केलेलं गाणं रोज दुपारी कॉम्प्युटरवर लागायचंच. शेजारणी म्हणायच्या, "बिचारी वर गेली, पण याच्या तावडीतून काही सुटली नाही!"

त्या रविवारी त्यानं मन घट्ट करून तिच्या साड्या कपाटासकट देऊन टाकल्या. रिकाम्या कोपऱ्यात कॉम्प्युटर सरकवला, वायरी पुन्हा जोडल्या, गाणं लावलं.

पेटी वाजली, तबला वाजला. बायको नव्हती.

म्हणजे होती, पण विहिरीच्या तळाशी. शब्द गेलेले, नुसता हुंकार. त्यानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, स्पीकर बदलले. काही नाही. उलट त्या पोकळीत एक पुरुष गुणगुणताना ऐकू यायला लागला.

संध्याकाळी मेहुणी आली. "साड्या दिल्या म्हणून रागावून गेली ती," तो पुटपुटला. "आणि एकटी नाही गेली. कोणीतरी आहे बरोबर."

"अगंबाई! दाजी, हा संशय जिवंतपणी घ्यायचा, ताई सुखावली असती!"

पण गाणं ऐकल्यावर तिच्याही अंगावर काटा आला. तिनं दुसऱ्या गायकाचं गाणं लावलं. तोही गायब. "घ्या! आता याचं काय दिलंत तुम्ही?" ती टेबलामागे वाकली. "स्पीकरची ही पिन अर्धीच का बसवलीत?"

"अडली. अडलं की थांबायचं. जोर केला की किल्ली मोडते."

"ही किल्ली नाही, दाजी." तिनं अंगठ्यानं दाबलं. टक्. खोलीच्या मधोमध बायको गायला लागली. कुलूपवाल्यानं स्पीकरला कान लावला.

"मग तो कोण होता?"

"रेकॉर्डिंगच्या वेळी दोन बाजूंना दोन माइक होते, ताई मधोमध. पिन अर्धी असली की मधला आवाज जातो, कडेचे उरतात. आणि उजव्या माइकला खेटून कोण बसलं होतं, आठवा. ताई म्हणायची, हे गुणगुणले की माझा सूर पळतो."

मेहुणी हसत हसत गेली. त्याला मात्र राहवेना. सवयीच्या हलक्या हातानं त्यानं पिन आधी अडली होती तिथपर्यंत बाहेर ओढली. बायको गेली. मागे तो माणूस उरला. समोर कुणी नाही याचा पत्ता नसलेला, खुशीत, बेसूर.

पिन आत दाबायला कुलूपवाल्यानं जन्मात पहिल्यांदा जोर केला.