गोल चौकटीतली आय

करंज्याच्या जनी कोळणीची मुलगी कोमल पनवेलला नीताच्या छोट्या ऑफिसात वेबसाइट बनवायची. नीता तिची कॉलेजातली मैत्रीण. करंज्याला आली की पहिल्यांदा चुलीपाशी जाऊन कालवणाचा वास घ्यायची आणि जनीला ‘आई’ म्हणायची.

एकदा नीता कॅमेरा घेऊनच आली. "आई, तुमच्या बायकांची सुकी मासळी थेट पनवेलच्या सोसायट्यांत विकू. वेबसाइट करते मी. फोटो हवेत सगळ्यांचे."

जनीने खळ्यावर बोंबील वाळवणाऱ्या बायकांना हाका मारल्या. गंगाबाई आधी लाजली, मग पदर सावरून उभी राहिली.

वेबसाइटचं पान कोमलनेच केलं. फोटो कुठे उभे, कुठे आडवे. नुसती कड गोल केली तर चेहरे अंड्यासारखे दिसत. तिने सगळ्यांना सारखी रुंदी-उंची दिली, चौकट गोल व्हावी म्हणून बॉर्डर-रेडियस पन्नास टक्के ठेवला, आणि चेहरे ताणले जाऊ नयेत म्हणून ऑब्जेक्ट-फिटला कव्हर लिहिलं. आईचं कपाळ वरून कापलं जात होतं. फोटो जरा खाली सरकवला, तसं कुंकू चौकटीत आलं. किती सुरेख दिसत होती आय! खालचा मजकूर नीता लिहिणार होती.

काही दिवसांनी जनीचा फोन आला.

"कोमल, तू आमाला इकलंस?"

कोमलला काही कळेना. मोबाईलवर फिरत असलेलं पान तिने उघडलं. तेच गोल, तेच चेहरे. पण साइट होती खळ्याच्या जागेवर गोदाम बांधू पाहणाऱ्या कंपनीची, आणि त्याच गोदामाविरुद्ध या बायका वर्षभर भांडत होत्या. आईच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘आम्ही आनंदाने जागा दिली.’

ती तशीच नीताच्या टेबलापाशी गेली.

"हे काय आहे?"

"अगं, क्लायंटला लोकल चेहरे हवे होते. आपल्याकडे तयार होते."

"माझ्या आईच्या तोंडी खोटं घातलंस तू."

"वेबसाइट कोण वाचतं गं? इमोशनल नको होऊस."

"माझ्या घरी जेवलीस तू, नीता."

कोमलने पिशवी उचलली आणि ती थेट करंज्याला गेली.

जनी दारात बसली होती. कोमलने सगळं सांगितलं.

"तुला म्हाईत नवतं?"

"नाय, आये."

"मंग चल. घरोघरी सांगू."

दोघी दारोदार फिरल्या. कुणी विश्वास ठेवला, कुणी नुसती मान हलवली. सगळ्या बायकांनी मिळून पनवेलला नीताच्या ऑफिसात जाऊन ठाण मांडलं, तेव्हा कुठे ते पान उतरवलं गेलं. पण तोवर कंपनीच्या माणसांनी ते जागेच्या बैठकीत दाखवलं होतं, "बघा, बायका राजी आहेत."

जागेचं भांडण अजून मिटलेलं नाही. कोमल आता पनवेलमध्येच दुसरीकडे काम करते. नीताने मेसेज केला होता, ‘सॉरी यार, आपली मैत्री यापेक्षा मोठी आहे.’ कोमलने उत्तर दिलं नाही.

गंगाबाई जनीशी पूर्वीसारखी बोलते. कोमल समोरून आली की मात्र रस्ता बदलते.