करमाडला राहिलेली खुर्ची

पाय निकामी झाले त्या वर्षापासून बुद्धवंदनेत माझं मन लागेनासं झालं होतं. ओठ म्हणायचे, पण आत काही हलायचं नाही. शरण जाऊन आपल्याला काय मिळालं, असा एक कडू प्रश्न मनाशी असायचा. पुढे बॅटरीवर चालणारी खुर्ची घरात आली आणि उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत मी पुन्हा एकटी फिरू लागले. भाजी, दळण, औषधं, कशासाठीही कुणाला हाक मारायची गरज उरली नाही. त्या खुर्चीचा मला फार अभिमान होता. बोधगयेला जायचं तर हिच्यावर बसूनच, असं मी धाकट्या बहिणीला, सुनंदाला, बजावलं होतं.

विमान कंपनीला आधी कळवलं होतं. बॅटरी काढून आपल्याजवळ ठेवायची, तिची टोकं झाकायची, हे सगळं विचारून घेतलं होतं. पण विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बॅटरी उलटसुलट करून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. क्षमतेचा आकडा छापलेली पट्टी पुसून पुसून कोरी झाली होती. आकडा कळल्याशिवाय ती विमानात नेता येणार नाही, आग लागली तर सगळ्यांच्याच जिवावर बेतेल, असं तिनं हळू आवाजात सांगितलं. पुढे दोन्ही विमानतळांवर कंपनीची साधी, ढकलायची खुर्ची मिळाली असती. आकडा विचारायला आम्ही खुर्ची घेतलेल्या दुकानात फोन लावला, कुणी उचलला नाही. मुलीचं काही चुकत नव्हतं, त्यामुळे रागही धरता येईना.

बॅटरीशिवाय ही जड खुर्ची नेऊन उपयोग नव्हता, पण ती ठेवायची कुठे? घराला कुलूप होतं आणि शेजारचं कुणी येईपर्यंत विमान निघून गेलं असतं. सुनंदा म्हणाली, आपण परत जाऊ. आम्ही विमानतळाच्या दाराशी आलो. मी डोळे मिटले. काही मागितलं नाही, मागावंसं काही सुचलंच नाही. आता माझ्याच्यानं काही होत नाही, एवढंच मनात आलं.

डोळे उघडले तर दाराबाहेर, लेकीला निरोप देऊन उभा असलेला एक शेतकरी आमच्याकडे बघत होता. आमचं बोलणं त्यानं ऐकलं होतं.

"ताई, माझी पिकअप हाय. खुर्ची करमाडला घरी नेतो. तुम्ही आल्या की इथंच आणून देतो."

सुनंदानं 'नको' म्हणून माझा हात दाबला. मी त्या माणसाकडे पाहिलं आणि 'न्या' म्हणाले. तो शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, मला आजही सांगता येत नाही. सुनंदानं त्याचा नंबर घेतला, बॅटरी आणि चार्जर त्याच्या हवाली केले.

बोधगयेत तिथं भाड्यानं घेतलेल्या साध्या खुर्चीतून मला बोधिवृक्षापर्यंत कुणी कुणी ढकलत नेलं, ते ठाऊक नाही. त्यांची भाषा कळत नव्हती. एका पायरीशी चौघांनी मला खुर्चीसकट उचललं. असं उचललं जाण्याचीच मला इतकी वर्षं लाज वाटत आली होती. झाडाखाली वंदना म्हणताना 'शरण' या शब्दापाशी मी थांबले. लहानपणापासून म्हणत आलेला तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा मला ऐकू आला.

परतलो तेव्हा तो शेतकरी विमानतळाबाहेर उभा होता. खुर्ची स्वच्छ चादरीत गुंडाळलेली होती. पण तो मान वर करीना.

"राग नका मानू, ताई. माझी माय लई दिवसांपासून खाटेवर हाय. तिला तुमच्या खुर्चीत बसवून शेतापोतर नेलं. कापूस बघून रडली ती."

 मी त्याचे हात धरले.

आमच्या धम्मात चमत्काराला जागा नाही आणि मीही या घटनेला तसं म्हणत नाही. त्या दिवशी काउंटरपाशी माझं सगळं हिरावून घेतलं जातंय, असंच मला वाटत होतं. मी पकड सैल केली, आणि एका म्हातारीला तिचं शेत पुन्हा दिसलं. त्या माउलीसमोर मी आजही मनोमन नतमस्तक होते.